रताळ्यांच्या वाफ्यातली लढाई

२ सप्टेंबर, सकाळ
आजपासून युद्ध. रानडुकराने वाफ्याची जाळी फाडली, रताळ्याचे वेल उपटले आणि माझ्या नवऱ्याने, शिगेयुकीने, स्वतःच्या हाताने रोवलेला बांबू मधोमध मोडला. शिगेयुकीला जाऊन तीन वर्षं झाली, पण बांबू उभा होता. या डुकराला मी मारणार. हाकलणार नाही, मारणार. रताळी काढायच्या आत.

चिहारुचा ओसाकाहून फोन आला. सांगायचं नव्हतं, बोलून गेले. ती म्हणाली, आई, त्या उतारावर तू आणि इवाकुमाकाका, बाकी सगळी घरं बंद. दुकानाला जायचं तर नुसत्या पायऱ्या, आणि आता डुक्कर. नोव्हेंबरअखेर बघते, नाहीतर घराला कुलूप लावून तुला इकडे आणते. मी म्हटलं, तुझ्या बाबांचं घर आहे. ती म्हणाली, आई, तिथलं घर फुकट दिलं तरी कोणी घेत नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर परवडतं. फोन मीच ठेवला.

फिलिपिन्समधलं इलोइलो सोडून या शहरात आले त्याला एक जन्म झाला. किताक्युशूइतकं स्वस्त आणि सुखाचं शहर जपानात दुसरं नाही. मी हलणार नाही.

५ सप्टेंबर
वाचनालयातून लढायांच्या तीन जाड बखरी आणल्या. जपानी वाचायला मला कोणी शिकवलं नाही. आधी चिहारुची चित्रांची पुस्तकं वाचली, मग औषधांची खोकी, मग जे मिळेल ते. बखरीत म्हटलंय, शत्रूला मान द्यावा. डुकराचं नाव सेनापती ठेवलं.

यंदा गल्लीची गटप्रमुख मी आहे. गटात दोनच घरं. तरी नियम तो नियम. सूचना लिहून घरोघर फिरवायची फळी इवाकुमाकाकांच्या दारात ठेवली: ‘सर्व रहिवाशांनी सावध राहावे.’ सर्व रहिवाशांनी सही करून परत पाठवली. खाली लिहिलं होतं, वहिनी, चहाला येतो.

९ सप्टेंबर
पहिली चकमक. विजय जवळजवळ माझाच.

शिगेयुकीचं कारखान्यातलं हेल्मेट घातलं, तिखटाची पुडी घेऊन अंजिराच्या झाडामागे दबा धरला. दिवस मावळताना सेनापती आला. सुळे अर्ध्या हाताचे. मी तिखट फेकलं. वारा समुद्राकडून होता, हे बखरीत नव्हतं. माझेच डोळे पेटले. मी ओरडले, तो घाबरला, घाबरून माझ्या अंगावर आला. पोटरीचा लचका घेऊन गेला. रक्त बुटात भरलं. तरीही मी त्याला बुटाने एकदा मारलं, बहुतेक त्यालाच.

दवाखान्यात टाके घातले. पोरगेलासा डॉक्टर म्हणाला, हा चावा आहे, आजी. नराच्या सुळ्याने कापलं जातं. मी म्हटलं, सुळे मी पाहिलेत, तुम्ही नाही. त्याने पुढचा टाका घातला. शिक्षण असलं की अनुभव कमी पडतो.

चिहारुला सांगितलं, पायरीवरून घसरले.

१३ सप्टेंबर
इवाकुमाकाका पिंजरा घेऊन आले. त्यांच्याकडे शिकारीचा परवाना आहे. लोखंडी पिंजरा, माणूस वाकून आत जाईल एवढा. आत आडवी तार, तारेला धक्का लागला की दार खाली. आमिष म्हणून मूठभर साधा कोंडा टाकला. मी म्हटलं, सापडला की शेवटचा वार माझा. ते म्हणाले, वहिनी, परवाना नसताना मारलंत तर पोलीस धरतील, त्यातून तुम्ही परदेशी. मी म्हटलं, मला कायमच्या वास्तव्याचं कार्ड आहे. ते म्हणाले, वास्तव्याचं आहे, खुनाचं नाही.

आता रोज सकाळी पिंजरा बघायला येणार म्हणे. म्हणजे रोज चहा. कटकट.

२० सप्टेंबर
सासूबाईंच्या कोंड्याच्या मडक्याला रोज हात घालावा लागतो. तांदळाचा कोंडा, मीठ, त्यात लोणच्यासाठी मुळा-काकडी पुरायची. त्यांच्या सासूपासून चालत आलेलं मडकं आहे. एक दिवस ढवळलं नाही की रुसतं. आज जुना कोंडा काढून नवा घातला. जुना नेहमीप्रमाणे वाफ्यात पसरला. सासूबाई म्हणायच्या, रताळी गोड होतात.

देव्हाऱ्यापुढे बसून शिगेयुकीला आघाडीची बातमी दिली. तो फोटोत गप्प. हयात असतानाही जेवताना बोलत नसे, पण भाताचं भांडं पुढे करायचा.

२८ सप्टेंबर
मोठी लढाई, आणि भर दुपारी.

दलाल एका कॅनडाच्या जोडप्याला शेजारचं बंद घर दाखवायला घेऊन आला. इंटरनेटवर स्वस्त शहरांच्या यादीत आमचं नाव वाचून आलेले. सायकलीच्या भावात घर! गल्लीत माणूस वाढेल म्हणून मी चहा केला. बाईंना सांगितलं, इथे अतिशय शांत असतं. रात्री पानसुद्धा हलत नाही.

तेवढ्यात सेनापती त्या घराच्याच अंगणातून निघाला. दलाल नकाशा दाखवत होता. त्याला मागून अशी धडक बसली की तो नकाशासकट पायऱ्यांवरून गेला. सेनापती त्याच्या मांडीला लोंबकळला. पांढरे मोजे लाल झाले. कॅनडाचे दोघे भिंतीवर चढले आणि एकमेकांना दोष देऊ लागले. मी बांबू तासून केलेला भाला घेऊन धावले. पहिला वार नेमका बसला. दलालाच्या खांद्यात.

दुसऱ्या वाराआधी सेनापती पळाला. माघार घेतली, असं धरायला हरकत नाही.

दलाल रडत म्हणाला, बाई, डुक्कर बरं होतं. कॅनडाच्या बाईंनी भिंतीवरूनच विचारलं, असं नेहमी होतं का? मी म्हटलं, छे, एरवी पहाटे. ते घर घेणार नाहीत असं वाटतं. थंडी त्यांना सोसली नसतीच.

३० सप्टेंबर
चिहारुला बातमी कळली. दलालाने कुठेतरी लिहिलं. फोनवर म्हणाली, आई, तू माणसाला भोसकलंस? मी म्हटलं, जरासं. ती म्हणाली, अजून एक असं झालं तर नोव्हेंबरचीही वाट बघणार नाही. आवाज थेट सासूबाईंचा.

निर्धार: पुढची चकमक शेवटची.

१४ ऑक्टोबर, दुपार
दोन पांघरुणं घेऊन लिहितेय. थंडीने.

पिंजरा एवढे दिवस रिकामा का, याचा मी विचार केला. आमिष हलकं. सेनापतीला साधा कोंडा कोण घालतं? म्हणून पहाटे सासूबाईंच्या मडक्यातला मुरलेला कोंडा घेऊन मीच आत गेले. तार ओलांडली. आमिष ठेवलं. वळताना पाठीचा खालचा भाग तारेला लागला. दार पडलं.

दार आतून उचलत नाही. तशीच त्याची रचना आहे. रचना उत्तम आहे.

उजाडताना तो आला. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताच्या वासाकडे. पिंजऱ्याला धडका द्यायला लागला. प्रत्येक धडकेला मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. गजावर त्याचा जबडा आपटून रक्ताचे थेंब माझ्या तोंडावर उडाले. मी हेल्मेट काढून गजातून त्याच्या नाकावर घातलं, पुन्हा घातलं, हात सोलून निघेपर्यंत घातलं. त्याला जे जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. काही इलोइलोच्या भाषेत होतं, ते तर शिगेयुकीनेही कधी ऐकलं नव्हतं. एकदा वाटतं मी असंही ओरडले, की मग तो का गेला, तू का नाही. दमणुकीत माणूस काहीही बोलतं.

मग तो वाफ्यात गेला आणि आरामात खात बसला. माझ्याकडे पाठ करून.

रेडिओवरचा व्यायाम संपवून इवाकुमाकाका आले. पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. म्हणाले, वहिनी, परवान्यात तुमचं वजन बसत नाही. दार उचललं. मग वाफ्यात वाकून माती हुंगली. म्हणाले, हे काय पसरलंय? मी सांगितलं. ते म्हणाले, अहो, मी पिंजऱ्यात कोंडाच का ठेवला? डुक्कर कोंड्यासाठी जीव टाकतं. वरच्या दोन गल्ल्यांत त्याचा खूर उमटला नाही, आणि इथे तुम्ही जेवणावळी उठवताय!

मी म्हटलं, सासूबाई चुकीचं सांगणार नाहीत. ते म्हणाले, त्या वेळी डोंगरात डुकरं नव्हती, उतारावर माणसं होती.

काकांच्या घरचं मडकं बायकोमागे नासलं. त्याचाच हा मत्सर.

२१ ऑक्टोबर
कोंडा पसरणं चालू आहे. पण आता मुद्दाम. डावपेच म्हणून.

३ नोव्हेंबर
सेनापती मेला.

सकाळी खालून ब्रेकचा आवाज आला. पार्सलच्या छोट्या ट्रकने त्याला पायऱ्यांच्या तळाशी उडवलं. मी भाला घेऊन उतरले. मागचा भाग चेंगरलेला, पुढचा भाग अजून लढत होता. ट्रकवाला टपावर बसून माफी मागत होता, कोणाची ते कळलं नाही. इवाकुमाकाका सुरा घेऊन आले. मी म्हटलं, वार माझा. भाला नेम धरून मारला. बांबू त्याच्या कातडीवर घसरला आणि उभा चिरला.

काका म्हणाले, वहिनी, राहू द्या, मागचा पाय धरा. मी दोन्ही हातांनी धरला. ते मानेवर गुडघा देऊन बसले. त्याने त्यांची विजार फाडली, मांडीही फाडली. मग सुरा गेला. रक्त एवढं गरम असतं हे विसरायला होतं. चपला भरल्या. पाय माझ्या हातात झटके देत राहिला, आणि मग हातातलं वजन एकदम बदललं. ते कसं बदलतं मला आधीपासून माहीत होतं.

काकांनी धुऊन बघितलं. म्हणाले, मादी आहे. म्हातारी. सुळे असे नाहीतच. कळप सोडून एकटीच का फिरत होती कोण जाणे.

मी म्हटलं, प्रत्येक गोष्टीला कारण लागत नाही.

५ नोव्हेंबर
डुकराच्या मांडीचा वाटा आला. व्हिनेगर-लसणात आमच्याकडच्या पद्धतीने शिजवला. चिवट. एक वाटी शिगेयुकीपुढे ठेवली. विजय पूर्ण झाला.

चिहारु फोनवर हसली. म्हणाली, सुटलो एकदाचे. मग राहा बाई तिथे, आता काय भीती. मी म्हटलं, बघ, मी म्हणत नव्हते?

९ नोव्हेंबर
काकांनी पिंजरा नेला. चहाला थांबा म्हटलं. ते म्हणाले, आता काय बघायचंय रोज, आणि मांडी ठणकते, तुमच्या पायऱ्या चढवत नाहीत. बरंच झालं. चहापत्ती वाचली.

१२ नोव्हेंबर
काही घडलं नाही.

१३ नोव्हेंबर
रताळी काढली. थोडीच राहिली होती. गोड आहेत. कोणाला द्यावीत याचा विचार केला.

१७ नोव्हेंबर
पहाटे जाग आली, हेल्मेट घालून अंजिरामागे बसले. सवय. कोणी आलं नाही. पानसुद्धा हलत नव्हतं. गटप्रमुख म्हणून सूचना लिहिली: ‘धोका टळला आहे.’ फळी उतरवून काकांकडे दिली. सही आली. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर
चिहारुला फोन केला. सहज. म्हटलं, दुसरं आलंय. पहिल्यापेक्षा मोठं.

ती मग म्हणाली, आई, खरंच आलंय?

मी म्हटलं, खोटं कशाला सांगू, रोज दाराशी उभं असतं.

तिने पुन्हा विचारलं नाही. म्हणाली, शनिवारी येते, तुझी बॅग भरून ठेव. बॅग परवाच भरली होती, पण तिला कशाला सांगायचं. मी म्हटलं, घर सोडणं माझ्या तत्त्वात बसत नाही, पण तू एवढा आग्रहच करतेस, तर बघते.