विम्याचा साहेब आणि बाळंतपणाची खोली

कंधार, १२ मे

ती. तनुताईस,
भागवतचा सा. न. वि. वि.

पत्र आठ दिवस मनातच लिहून राहिलो, कागदावर आलं नाही, राग मानू नको. आईच्या फोनवर बोललो असतो, पण तो कायम स्पीकरवर, अख्खी गल्ली ऐकते. माझ्या फोनमधले फोटो दाखवायला दोस्ताकडं विष्णुपुरीला गेलो, धरणात वाकून बघितलं आणि फोन गेला. पाणी मात्र लई झकास होतं.

फोटो कशाचे, ते राहिलंच. वादळात लिंबाची फांदी मधल्या खोलीवर पडली, पत्रे फाटले. तुझ्या बाळंतपणाची खोली तीच. घराचं कर्ज काढताना बँकेनं गळ्यात बांधलेला विमा आहे ना? त्यात न्हाणीची ओल, वाळवीनं खाल्लेली चौकट आणि गळका नळही बसवून टाकावा म्हणतो. तू शिकलेली, कळव.

तुझा भागवत

लातूर, १७ मे

चि. भागवत यास अनेक आशीर्वाद.

फोन बुडाला आणि तू पाण्याचं कौतुक करतोस. असो. विमा कंपनीला मी कळवलंय. वादळानं मोडलं तेवढ्याचेच पैसे मिळतात. ओल, वाळवी, गंज ही आपल्या आळसाची कमाई, ती विम्यात बसत नाही. साहेब पाहणीला येईपर्यंत वर ताडपत्री टाक, बाकी कशाला हात लावू नको. फांदीलासुद्धा.

सासूबाई म्हणतात, छप्पर नसलेल्या घरी सून पाठवायची नाही, बाळंतपण लातूरलाच. मला आईजवळ यायचंय रे. एवढं कर, आणि चार दिवस एका जागी राहा.

तुझी ताई, तनुजा

कंधार, २६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं एवढंच ऐकलं की साहेब येणार. पाहुण्याला मोडकी खोली कोणत्या तोंडानं दाखवायची, म्हणाली. मी दोन दिवस उदगीरला एका लग्नात होतो, लग्न कुणाचं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. परत आलो तर मारोती मिस्त्रीनं नवे पत्रे बसवलेले, भिंतींना चुना, दारात रांगोळी.

मग साहेब आले, त्यांनी चहा पिऊन विचारलं, नुकसान कुठं आहे. शोधूनही सापडणार नाही, असं आईनं अभिमानानं सांगितलं. त्यांनी जुने पत्रे मागितले, तर ते शेजारच्या भामाबाईच्या शेळ्यांच्या गोठ्यावर चढलेले. फांदी मागितली, तर चहा तिच्यावरच उकळलेला. मग आईला त्यांची दया आली. एवढ्या लांबून आलेत, काहीतरी मोडकं दाखवावं म्हणून तिनं ओल, नळ, चौकट सगळं फिरवून दाखवलं. साहेबांनी चौकटीला बोट लावलं, ते आत गेलं. म्हणाले, दिसतंय ते बसत नाही आणि बसतं ते दिसत नाही. चहा मात्र अजून अर्धा कप घेतला.

पैसे काही येत नाहीत. आई म्हणते, विमा गेला तर गेला, लेकीच्या डोक्यावर पत्रा आला. पण तुझ्या सासूबाईंना हे कसं पटवायचं, ते तूच बघ. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा भागवत

ता. क. पाकीट चिकटवत होतो तर दारात रिक्षा थांबली. सासूबाई. एकट्याच, न सांगता, छप्पर बघायला. त्यांनी काठीनं पत्रा ठोकून पाहिला, ओल्या चुन्याला पाठ टेकवली, आणि आता पांढऱ्या पाठीनं आईला विचारून राहिल्यात की तनूची खाट इथं, तर माझी कुठं टाकताय.