बुशच्या पोटातली खाच

शेलार, भिवंडी

मानकोलीचे आमचे सन्माननीय व्याही रामनाथराव यांना तुळशीरामचा हात जोडून नमस्कार. विहीणबाईंचा गुडघा आता जिना चढू देतो का? (देत नसेल तर चढूच नये, असं आमच्या सौ. गुणाबाईचं मत.) तुमची सून रुचिका इथे माहेरी मजेत आहे.

गेल्या खेपेला आमचं स्पार्क मशीन बघून तुम्ही म्हणाला होतात, "तेलात फटाके फोडायला एवढं मोठं मशीन?" पाहुण्याला काय बोलणार, मी हसलो. उत्तर आता देतो. मंगळवारी सुताला खळ लावणाऱ्या कारखान्याचे शेठ एक बुश घेऊन आले (म्हणजे पोलादाची जाड नळी, तिच्यात शाफ्ट फिरतो). आतून तेलासाठी खाच हवी होती; ती पाडायची विसरून कुणीतरी बुश आधीच भट्टीत घालून कडक केलेला. लेथवाल्यांची हत्यारं आत मोडली, कारखाना बंद, कामगार टपरीवर. "काका, हो जाएगा क्या?" शेठनी विचारलं. "होणार," मी म्हणालो. (म्हणून झाल्यावर बुश उलटसुलट करून पाहिला.)

आमचं मशीन पोलादाला शिवतही नाही, हे ध्यानात घ्या. तांब्याचा तुकडा तेलात पोलादाच्या अगदी जवळ धरायचा. मधल्या फटीत ठिणग्या उडतात आणि पोलाद कणाकणाने झिजतं, कितीही कडक असो. पण खाच आतल्या भिंतीला हवी, म्हणून तांब्याचा वाकडा आकडा केला, तर तो बुशच्या तोंडातून आतच जाईना. तासून बारीक केला तर वाकला, बुशला चिकटला आणि असा धूर निघाला की शेजारचे लोक लूम बंद करून बादल्या घेऊन धावले. वर तांबंही संपलं. तेव्हा गुणाबाईच्या देव्हाऱ्यातली तांब्याची पळी आणली. जाड दांडा, टोकाला नागाचा फणा, आत शिरून भिंतीकडे वळायला अगदी बेताचा. गुणाबाई म्हणाली, "देवाची पली हाय ती. उद्या देवाला पानी काय तुमच्या नटबोल्टच्या पान्यानं पाजू?"

पळी आत उतरली, बुश बसवलेलं मशीनचं टेबल हळूहळू बाजूला सरकलं, बुश जरा जरा फिरवत नेला. संध्याकाळी शेठनी आत बोट फिरवलं. खाच सगळीकडे सारखी. मग नुसता बुश कुरवाळत राहिले. दुसऱ्या दिवशी कारखाना चालू, आणि शेलारपासून बाजारापर्यंत आमच्या घराचं नाव. छाती फुगल्याने सदऱ्याचं बटण लागत नाही, एवढीच तक्रार.

घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना शाबासकी.

आपला व्याही,
तुळशीराम

ता. क. : लोक नाव घेतात ते रुचिकाचं. पळी तिला सुचली, टेबल तिने सरकवलं. मी धूर हाकत होतो आणि गुणाबाईची बोलणी खात होतो.

ता. क. २ : शेठनी आणखी बुश पाठवलेत, पण "बेटी करेगी तो ही" अशी अट आहे. रविवारी रुचिका तुमच्याकडे परत येईल. पुढे तिला रोज मानकोलीहून इथे कामाला येऊ द्यावं, ही विनंती. जावईबापू दीपेशराव केव्हाच कबूल आहेत. तुम्हाला सांगायची त्यांना भीती वाटते, म्हणून पत्र मी लिहितोय. मलाही वाटते, म्हणून फोन केला नाही.