सासऱ्यांच्या सुऱ्या

३ मार्च, सोमवार
सासरे रविवारी येताहेत. बायकोने सहज सांगितलं आणि मला चहाचा ठसका लागला. सासरे हाडाचे सुतार. लग्नात त्यांनी तीन सुऱ्या दिल्या, शिसवी मुठी स्वतःच्या हाताने करून. आणि चार वर्षं भांडी घासण्याचं खातं माझ्याकडे. सुऱ्या मी बादलीत रात्रभर भिजवतो. मुठी पांढुरक्या पडल्यात, हाताला कुसं टोचतात. लाकडाला पाणी मानवतं, असं बायकोला समजावलं. मग कुंडीत लाव, म्हणाली.
संकल्प: रविवारपर्यंत मुठी आरशासारख्या.

४ मार्च
जवसाचं तेल आणलं. हार्डवेअरवाला म्हणाला, आधी मुठी दोन दिवस सुकवा, मग तेलाचा पातळ हात, जादा पुसा, एक दिवस थांबा, पुन्हा हात. पातळ हात! कंजूष माणूस. मी तिन्ही ओल्या मुठी थेट तेलाच्या बरणीत बुडवल्या. तीन दिवस वाचले.

५ मार्च
तेल वाळत नाही. बायको काकडी चिरायला गेली, सुरी हातातून सटकली ती फ्रिजखाली. कोणाला लागलं नाही. काकडी कात्रीने कापली. बायको गालात हसत होती. तिला माझ्या चिकाटीचं कौतुक आहे, बोलून दाखवत नाही एवढंच.

६ मार्च, सकाळी ७
हेअर ड्रायर. फुल स्पीड.
७.२०: मुठीतून टच्च आवाज. लाकूड मोकळं होतंय.
७.२५: फारच मोकळं झालं. उभी चीर.

७ मार्च
चिरेत मेण ओतलं. मेणातून पाणी जात नाही, हे सायन्स आहे. चिरेत कमी गेलं, शेगडीवर जास्त. मूठ अर्धी जळलेली मेणबत्ती दिसते. लांबून नाही दिसत. सासऱ्यांना लांब बसवायचं.

८ मार्च, शनिवार
प्लॅन बी. भाषण. विषय: इकडची दमट हवा. आरशासमोर तीनदा म्हटलं, तिसऱ्यांदा मलाच पटलं. बायकोला सांगितलं, उद्यासाठी चिरावं लागणार नाही असं फळ आण. पपई घेऊन आली.

९ मार्च
सासऱ्यांनी बसल्या बसल्या पपई ओढली, सुरी मागितली. मी भाषण सुरू केलं. त्यांनी मूठ फिरवली, हुंगली, नखाने मेण खरवडलं. विचारलं, जावईबापू, ही मूठ कोणी केली?
भाषण अर्ध्यावर सोडलं. म्हटलं, बाबा, तुम्हीच. मी पाण्यात ठेवून वाट लावली. चुकलो.
तेवढ्यात बायकोने कपाटाच्या वरच्या खणातून पुडकं काढलं. आत तीन सुऱ्या, मुठीत तोंड दिसावं अशा. मी भांडी घासायला लागलो त्याच आठवड्यात तिने त्या उचलून ठेवल्या आणि बाजारातल्या तशाच दिसणाऱ्या तीन माझ्या हवाली केल्या. चार वर्षं!
मग आठवडाभर बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तू इतक्या मनापासून करत होतास, तुझं मन मोडवेना.
सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग पाठीवर थाप मारून शिकवलं: धुतली की लगेच पुसायची, कोरडी ठेवायची. महिन्यातून एकदा दोन थेंब तेल. संपलं.
मी ठणकावून सांगितलं, आजपासून या तिन्ही सुऱ्या माझी जबाबदारी!
बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं.
कपाटाला आता कुलूप आहे.