मॅडमचे उंदीर आन माझी टाळी

अंबाजोगाई, सोमवार

तीर्थस्वरूप हरिबा मामांच्या पायावर गहिनीनाथचं डोकं.

पत्रच लिहितोय, कारण फोनवर तुमाला निम्मं ऐकू येतं आन ते निम्मं सांजच्याला चकलांब्याच्या पारावर असतं. गुडघा कसा हाय? मामीचा खोकला? शेळी व्यायली का? इकडं मी बरा हाय, म्हणजे जेवतो, पण परवापासून डोकं सुन्न झालंय.

तुमाला ठाऊकच हाय, मी उंदरांच्या प्रयोगशाळेत कामाला लागलोय. (तुमी गावात "भाचा दवाखान्यात हाय" म्हणून सांगितलं आन लोक मला बघायला मोसंबी घेऊन आले, ते राहू द्या.) आमच्या तेजश्री मॅडम उंदराच्या मेंदूत केसाएवढी तार घालून बघतात, की वेळ किती गेला हे त्या जिवाला कसं कळतं आन ध्यानात कसं राहतं. दिवा लागतो, बरोबर वीस सेकंदांनी नळीतून साखरपाण्याचा थेंब पडतो. उंदीर शिकतो, आन थेंब पडायच्या जरासं आधीच नळीला तोंड लावतो. घड्याळ न्हाई, काय न्हाई. आपल्या प्रविणला दहावीच्या पेपरात तीन तास कधी संपले ते कळलं नव्हतं.

आठ महिने सगळं झ्याक चाललं. मॅडमच्या वह्या भरल्या. चार वर्षांचा पीएचडीचा अभ्यास, त्यातले हे शेवटचे प्रयोग, पुढच्या महिन्यात पुण्याहून परीक्षक येणार. तेवढ्यात मी मंगलच्या लग्नाला तीन दिवस दिंद्रुडला गेलतो. (वरण पातळ व्हतं, नवरदेवाचा चुलता रुसला, बाकी भेटीत.) परत येतो तर मॅडमचं तोंड उतरलेलं. तीन दिवस उंदीर बिघडलेले. कुणी दिवा लागताच चाटतोय, कुणी थेंब पडून गेल्यावर, एक तर झोपलाच. कशापायी बिघडले, कुणालाच कळंना. मॅडमनी साखर बदलली, तारा तपासल्या, वायरमन बोलावला.

मी आपला नेहमीसारखा पडद्यामागं स्टुलावर बसलो. (उंदरांना माणूस दिसू नये म्हणून मला तिथं बसवलंय. दिसू नये, एवढंच सांगितलं व्हतं.) दिवा लागला. मी पुडी काढली, चुना लावला, तंबाखू मळली, टाळी मारून धूळ उडवली. पलीकडं ओळीतले सातही उंदीर एकदम चाटायला लागले.

मॅडमनी पडदा सारला आन माझ्या तळहाताकडं बघितलं. मामा, मी मूठ मिटून घेतली. दिवसाला तीस-चाळीस वेळा दिवा लागतो, आन दर दिव्याला मी तीच चिमूट परत मळतो, टाळी मारतो. हे मला सोताला ठाऊक नव्हतं, उंदरांना ठाऊक व्हतं. मॅडमनी कॅमेऱ्यातलं जुनं सगळं ऐकलं. दिव्यापासून टाळीपर्यंत अठरा सेकंद, आठ महिने, एकदाबी चूक न्हाई. (ड्यूटीवर मी रोज उशिरा येतो, ह्याचंबी रेकॉर्ड निघालं.) म्हणजे उंदीर वेळ मोजतच नव्हते, माझी वाट बघत व्हते. मॅडम खुर्चीत बसून रडल्या. म्हणाल्या, गहिनीनाथ, या वह्यांमध्ये मेंदू नाहीच, तुमची तंबाखू आहे. मला लई वाईट वाटलं. त्यांनी थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं.

तुमचा भाचा,
गहिनीनाथ

ता. क. : नोकरीवरून काढलं न्हाई. मॅडम डोळे पुसून म्हणाल्या, घड्याळ न बघता तुमच्या हाताला वेळ कसा कळतो, आता तेच लिहिते. पण समोर घड्याळ लावून मळायला बसवलं की माझा हात बिघडतो. एकदा सात सेकंद, एकदा पन्नास. मळायला मी तुमच्याच शेजारी बसून शिकलो, तवा तुमचा हात माझ्यासारखाच चालत असंल. गुरुवारच्या एसटीनं निघा. मॅडमची चार वर्षं आन माझी भाकर तुमच्या तळहातावर हाय.

आणखी एक : मॅडमनी बजावलंय, येणाऱ्या माणसाला ह्यातलं कायबी ठाऊक नसलं पाहिजे. तवा पत्र वाचून झालं की विसरून या.