काचेवरचा प्रवासी

४ मार्च
तीव्र निषेध! संपादकांनी माझ्या बातमीतला ‘खग’ कापून ‘पक्षी’ केला. वाचकाला कोश उघडावा लागू नये म्हणे. खे गच्छति इति खगः – आकाशातून जातो तो. या हिशेबाने विमानही खग आणि ते चालवणारी माझी लेकही. संस्कृत शिकून हाती काय लागलं, तर संपादकांची कात्री.

५ मार्च
लेकीच्या विमानावर पक्षी आदळला. उतरताना, समोरच्या काचेवर, नेमका तिच्या बाजूला. काच तडकली, फुटली नाही. ती सहवैमानिक; शेजारच्या कॅप्टनने विमान नीट उतरवलं. लेक सुखरूप.
तिने फोन आईला केला, मला नाही. बाबा फार प्रश्न विचारतात म्हणे. अहो, तोच तर माझा धंदा! असं मी बायकोला सुनावलं. ती म्हणाली, “आधी पाणी प्या.” अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं.

६ मार्च
लेक सुट्टीवर घरी आली. जेवली, झोपली, उठून पुन्हा जेवली. काय दिसलं, विचारलं. म्हणाली, काही नाही, धप्प झालं आणि मी मान खाली घातली.
काचेवर जे काही उरलं होतं ते मेकॅनिकने कागदाने टिपून, पाकिटात घालून प्रयोगशाळेत पाठवलं. कोण होता ते तिथे ठरतं. मेल्यावर माझी इतक्या आस्थेने कोणी चौकशी करील असं वाटत नाही.

७ मार्च
संपादकांना या विषयावर ‘हलकंफुलकं काहीतरी’ हवंय. म्हणून विमानाच्या काचा तपासतात तिथे गेलो. तिथे एक तोफ आहे. तीत मेलेली कोंबडी घालून काचेवर मारतात. वजन नियमात बसावं लागतं. जास्त भरली तर छाटतात. कोंबडीला तिथले लोक ‘प्रवासी’ म्हणतात. प्रवासी बसला का? बसला. धडाम!
मी पोट धरून हसलो. मग खुर्ची मागितली.
काचेचा बाहेरचा थर चक्काचूर, आतला शाबूत. इंजिनिअर म्हणाला, “मुलीला निर्धास्त राहायला सांगा, साहेब.”
“आतला थर कधीच जात नाही?”
“चला, चहा घेऊ.”

८ मार्च
लेख छापून आला. शेजारी जिन्यात थांबवून हसले. प्रयोगशाळेचं उत्तरही आलं – घार होती.
लेकीने ही नोकरी सोडावी. इथे लिहितो, बाहेर बोलायची सोय नाही. बायकोने बजावलंय, “तिच्यासमोर चकार शब्द काढाल तर याद राखा.”

९ मार्च
शब्द काढला नाही. तोफेची चित्रफीत इंजिनिअरकडून मागून घेतली होती – अगदी संथ केलेली, पिसन् पीस दिसतं. ती लेकीला दाखवली. म्हटलं, बघ, आतला थर कसा टिकतो! धीर यावा म्हणूनच दाखवली. निदान दाखवताना मी स्वतःला तसं सांगत होतो.
तिने फोन माझ्या हातातून घेतला. पुन्हा लावली. मग आवाज बंद करून पुन्हा.
“असं दिसतं होय,” म्हणाली.
बायको माझ्याकडे बघत होती. मी भांडी विसळायला घेतली.

१० मार्च
लेक आज कामावर रुजू. गणवेशात निघाली, जिन्यातून हात केला. मी दिवसभर गच्चीत. दोन कबुतरं हाकलली. विमानतळ इथून कुठल्या कुठे! तरी हाकलली.
संध्याकाळी ती परत आली. उडालीच नव्हती. कॉकपिटमध्ये जाऊन बसली, पट्टा बांधला, सोडला, आणि खाली उतरली. “काचेतून समोर बघताच येईना, बाबा,” एवढंच म्हणाली. खोलीत गेली.

११ मार्च
लेक घरात आहे. मला हवं होतं तसंच झालं.
ती आता कधीच उडणार नाही, याची मला भीती वाटते.