लंबूच्या कानातली मावशी

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला?

तुझा लेक बँक सोडून शर्यतीची गाडी चालवायला लागल्यापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस, म्हणून रविवारी मीच बघायला गेले. त्यांच्या टीमच्या गाड्या दोन. एक तुझ्या लेकाची, दुसरी एका उंच, अबोल मुलाची. त्याला सगळे लंबू म्हणतात. दोघांना आपापला इंजिनिअर, आणि शर्यत चालू असताना तेवढ्यानंच त्याच्या कानात बोलायचं. (शाळेच्या नाटकात तू पडद्याआडून मला वाक्यं सांगायचीस ना, तसंच. ती मदर सुपीरियरना ऐकू जायची, मला नाही.) गॅरेजात दोन टेबलं शेजारी शेजारी, दोन्हींवर सारखेच हेडफोन. तुझ्या लेकाची इंजिनिअर, भारी गोड मुलगी, मला म्हणाली, "मावशी, माझ्या खुर्चीत बसून ऐका, फक्त बटणाला हात लावू नका." मी बसले ती शेजारच्या खुर्चीत (लंबूचा इंजिनिअर टायर बघायला उठला होता). पडद्यावर तुझ्या लेकाची गाडी वळणावर अशी काही तिरपी झाली की माझं बोट बटणावर गेलंच. "अरे राजा, जरा दमानं घे. मावशी बघतेय."

लंबूला वाटलं, टीमचा काहीतरी सांकेतिक हुकूम आहे. बिचाऱ्यानं दमानं घेतलं. तुझा लेक त्याच्या बाजूनं सुर्रकन पुढे गेला आणि तिसरा आला. लंबू चौथा.

पुढचं विचारू नकोस. लंबूचा इंजिनिअर माझ्याकडे बघेचना. टीमचे मालक म्हणाले, आमच्याकडे दोघांना सगळं सारखं मिळतं. टायर, माणसं, चहासुद्धा. मी पर्स उचलून निघाले, तर लंबू आडवा आला. "मावशी, पुढच्या वेळीही बोला. माझ्या कानात नुसते आकडे असतात. राजा कुणी म्हणत नाही." त्यावर तुझा लेक फुगला. "मावशी माझी, आणि राजा हा?" शेवटी मालकांनी निकाल दिला: गाडी सुटण्याआधी कानात दोन शब्द बोलायला एकाला घरचं माणूस मिळालं तर दुसऱ्यालाही हवं, नाहीतर कुणालाच नाही.

भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. मी लंबूला शब्द देऊन बसलेय, त्यामुळे तुझ्या लेकाच्या टेबलाशी माणूस कमी पडतंय. शर्यत येत्या रविवारी आहे. कंबरेला उशी मी आणते.

आणखी एक ता. क. मी तुझ्या लेकाला विचारलं, आई आली आणि बटण दाबून नुसती रागावली तर? हेल्मेट पुसत म्हणाला, "चालेल. हळू आवाजात रागव म्हणावं, लंबूला ऐकू जाईल."