मॅडमवाली छुट्टी

सुदामा नगर, इंदूर
५ सप्टेंबर २०२५

ती. सौ. इंदिरावहिनीस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे. फोनवर सांगितलं असतं, पण दादा प्रत्येक फोन स्पीकरवर टाकतो आणि मग नाशकातली तुमची सगळी सोसायटी ऐकते. आमच्या पुठ्ठ्याच्या कंपनीत गेटवर हजेरीची आणि रजेची वही असते. पेन कुणी पळवू नये म्हणून ते वहीला सुतळीनं बांधलंय, आणि सुतळी जेमतेम वीतभर. त्यामुळे बावन्न वर्षांची, एकतीस वर्षं नोकरी झालेली, आस्थापना विभागाची प्रमुख बाई रोज सकाळी चौकीदारापुढे कमरेत वाकते. बघणाऱ्याला वाटावं, नवस फेडतेय. तीन अर्ज केले. उत्तर आलं की पेनाचा विषय स्टेशनरीकडे आहे आणि सुतळीचा सिक्युरिटीकडे.

बाकी समाचार असा. आमचे धाकटे मालक सार्थक बाहेरून शिकून आले आहेत. त्यांनी जुलैपासून बायकांना पाळीची महिन्याला एक पगारी रजा दिली. तीन महिने ट्रायल. गुलाबी फुगे लावले, केक आणला. तो कापायचा कुणी, यावर पाच मिनिटं सगळ्या आपापल्या चपलांकडे बघत होत्या. शेवटी वयाचा मान म्हणून मी कापला. जिची दोन वर्षांपूर्वीच कायमची गेली, तिच्या हातून उद्घाटन!

अठ्ठावन्न बायका, दोन महिने, रजा शून्य. सार्थकनी मला ग्राफ दाखवला, त्यात काहीच नव्हतं. म्हणाले, मॅडम, डिमांड ही नहीं है. तीस सप्टेंबरपर्यंत एकीनंही घेतली नाही तर स्कीम बंद.

आता डिमांड कशी दिसणार? थोरल्या मालकांच्या काळापासूनचा नियम असा की रजा हवी तर सकाळी गेटवर फोन करायचा, कारण सांगायचं, चौकीदार दिनानाथजी वहीत लिहिणार. आणि दिनानाथजी जे लिहितात ते आधी मोठ्यानं बोलतात. बोलल्याशिवाय त्यांचं पेन चालतच नाही. समोर शिफ्टची शंभर माणसांची लाइन. कुणाला जुलाब झाले, कुणाची सासू पडली, कंपनीभोवतीच्या अख्ख्या परदेशीपुऱ्यात आठवड्याचं सगळं तिथेच कळतं.

माझा जीव अडकलाय तो पलकमध्ये. डबे चिकटवायला बसते, तेवीस वर्षांची, घर तिच्या पगारावर. महिन्यातला एक दिवस तिला उभं राहवत नाही. डॉक्टरचा कागद आहे, मागच्या महिन्यात तर मशिनीशेजारीच कोसळली. पण फोनवर कारण काय सांगते, तर मौसी की शादी. यंदा तिनं मौसीला चारदा उजवलं. मौसी एकच आहे, आमच्याच पॅकिंगमध्ये, आणि त्या चारही दिवशी ती बिचारी ड्यूटीवर होती. त्यातली शेवटची दोन लग्नं गैरहजेरीत धरली गेली. तिसऱ्या गैरहजेरीला नोकरी जाते आणि त्या कागदावर सही माझी असते. नवी रजा घे म्हटलं, तर म्हणाली, नौकरी गई तो गई मॅडम, दिनानाथ अंकलच्या तोंडून तो शब्द मला ऐकवणार नाही.

दादाला नमस्कार. लोभ आहेच, पत्राचं उत्तर आलं तर तो खरा मानीन.

तुझी,
कुमुद


नाशिक
११ सप्टेंबर

चि. कुमुद हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ह्यांनी विचारलं काय म्हणतेय. लोणच्याची कृती पाठवलीय म्हटलं, तसे उठून गेले. आपल्या मितालीनं मात्र लेकीच्या हक्कानं हातातून ओढून वाचलं आणि पलकसाठी चार इंग्रजी शिव्या हासडल्या. पलकला नव्हे, तुझ्या कंपनीला.

वन्सं, तुमचे सार्थक नवीन काय देतायत? आईंच्या राज्यात चार दिवसांची रजा होती, अर्ज न करता मंजूर आणि सक्तीची. दिनानाथही लागत नव्हता. इंदुरात लालबागेजवळच्या आपल्या घरी मागच्या पडवीत चटई पसरली की दूधवाला समजून भांडं लांबून द्यायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, निदान वाचायला तरी मिळेल. तर पुस्तकालाही शिवायचं नाही!

तू विसरली असशील, मी नाही. माझी पहिली महालक्ष्मी. जेवणाच्या दिवशी सकाळी तुझी टायपिंगची परीक्षा, आणि पहाटे आईंना आपण दोघी झोपलेल्या चादरीवर डाग दिसला. तू कोपऱ्यात पांढरीफटक. बाजूला बसलेल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणजे परीक्षा गेली. मी म्हटलं, आई, माझा आहे. तू गेलीस परीक्षेला, मी गेले पडवीत. नव्या सुनेच्या ओटीसाठी आईंनी आणलेला जांभळा खण, मोरपंखी काठाचा, तो मग घरातल्या मुलीच्या ओटीत पडला. तू त्याचा ब्लाउज शिवलास आणि तोच घालून ह्याच कंपनीच्या मुलाखतीला गेलीस. पडवीतून मला पुरणाचा वास येत होता. जेवायला मिळाला तो गार वरणभात.

हे उगाळत बसायला लिहिलं नाही. एवढंच विचारते की आस्थापनेची प्रमुख तू, तर रोज वाकतेस कशाला?

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशी ठेव.

तुझी वहिनी,
इंदिरा


इंदूर
१६ सप्टेंबर

ती. सौ. वहिनीस सा. न.

घाईत लिहिते. तुझं पत्र चारदा वाचलं. ब्लाउज आठवला, टायपिंगचा निकाल आठवला. पडवीतलं तुझं तोंड काही केल्या आठवत नाही. मी त्या बाजूला बघितलंच नसणार.

पलकनं कॅलेंडर मोजून सांगितलंय, सोमवारी बावीस तारखेला. मी तिला एकच म्हटलं, माझ्या फोननंतर दहा मिनिटांनी तू कर. हो म्हणाली, पण तिचं हो मौसीच्या लग्नासारखंच असतं. मी काय करणार ते लिहीत नाही, दादा पाकीट फोडतो.

तुझी,
कुमुद


सुदामा नगर, इंदूर
दसरा, २ ऑक्टोबर

ती. सौ. इंदिरावहिनीस,
कुमुदचा सा. न. वि. वि.

आज दसरा, कंपनीत पूजा झाली. मशिनींना हार घातले आणि मी रजेच्या वहीला हळदकुंकू वाहिलं. तेवढा मान तिनं कमावलाय.

बावीस तारखेला सकाळी पावणेनऊला, शिफ्टची लाइन भरगच्च असताना, मी घरून गेटवर फोन लावला. म्हटलं, आज येणार नाही, छुट्टी लिहा. दिनानाथजींनी माझं नाव अख्ख्या परदेशीपुऱ्याला ऐकू जाईल असं घोषित केलं आणि कारण विचारलं. म्हटलं, माहवारी. वहिनी, एकतीस वर्षांत त्या माणसाला मी पहिल्यांदा गप्प ऐकलं. मग फोनमध्ये तोंड घालून हळूच विचारतात, मॅडम, मौसी की शादी लिख दूं?

म्हटलं, आहे तेच लिहा, आणि रोजच्यासारखं बोलून लिहा, नाहीतर तुमचं पेन चालायचं नाही. मग घसा खाकरून त्यांनी तो शब्द असा उच्चारला, जसं एखाद्या मंत्र्याचं स्वागत करतायत. मागून कुणी तरी फिसकन हसलं. दिनानाथजी त्याच्यावरच खेकसले, भिया, घर में माँ-बहन नहीं है क्या?

नंतर मी फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभी होते. पोहे भिजत घातले होते ते तसेच राहिले. नऊ वाजले, नऊ-पाच झाले. पलकनं केला नाही तर तिसरी गैरहजेरी, आणि मंगळवारी मला तिच्या कागदावर सही करायची. नऊ-दहाला दिनानाथजींचाच फोन. पलकनं कळवलंय, पण कारण कसं लिहावं ते समजत नाही. लाइनीतल्या मौसीकडून तिला माझं कळलेलं, ती म्हणाली, जो मॅडम को है, वही. म्हटलं, तसंच लिहा. लिहिलंय वहीत, शब्दशः, आणि सार्थकनी त्यावर मंजूर लिहिलंय.

त्या आठवड्यात अजून सात जणींनी घेतली. कारणाच्या रकान्यात दिनानाथजी आता न विचारता लिहितात, मॅडमवाली छुट्टी. पॅकिंगमधल्या मौसीनंही घेतली, आणि पलकनं तिला विचारलं म्हणे, लग्न कुणाचं? सार्थकच्या ग्राफमध्ये एकदम एक उंच काठी उभी राहिली, स्कीम मार्चपर्यंत वाढली. वही माझ्या खोलीत आलीय, दिनानाथजी फोन घेऊन लिहायला तिथे येतात. सुतळी काढून मी परकराची नाडी बांधली, चांगली दोन हात लांब. आता ताठ उभं राहून सही होते.

एक फक्त तुला सांगते. थोरल्या मालकांना भीती होती की बायका खोटं सांगून ही रजा घेतील. घेतली की, पहिलीच, आणि ती मी! म्हणून त्या दिवसाची रजा मी माझ्या शिल्लक रजेतून कापून टाकली आणि वहीत खाली बारीक अक्षरात तशी नोंदही केली. सार्थकनी वाचली आणि खाली सही केली. पण खोटं कसं सांगायचं, ते मी पडवीतल्या बाईकडून शिकले. फक्त शिकायला एकतीस वर्षं लागली.

ह्याबरोबर पार्सल पाठवतेय. आपट्याची दोन पानं आहेत, पैकी एक मितालीला. नारळ कुरियरवाला घेत नाही, तो तिथेच घे. आणि खाली कागदात गुंडाळलेला खण आहे, जांभळा. मोरपंखी काठ मिळायला तीन दुकानं फिरले. ओटी मितालीकडून भरून घे, आणि ब्लाउज शिवायला टाकशील तेव्हा बाह्या ढिल्या ठेवायला सांग.

तुझी,
कुमुद